अकराव्या धड्यावरचे तिघे

“नू वा पार्तिर,” प्लंबर म्हणाला आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

“‘नू’ला ‘वा’ लागत नाही हो. नूझालों. आम्ही जाणार आहोत. नूझालों पार्तिर.”

“तेच म्हणालो.”

“तेच नाही म्हणालात.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. परीक्षा अकराला, शेजारच्याच हॉलमध्ये. आणि बाईंचा फ्रेंचचा वर्ग अजून अकराव्या धड्यावर. मागच्या तीन परीक्षांनाही घोडं इथेच अडलं होतं.

तसं या धड्यात अवघड काही नव्हतं. लवकरच काय होणार आहे, ते सांगायचं. ‘जाणे’ या क्रियापदाची सहा रूपं घोकायची आणि मागे हवं ते क्रियापद जसंच्या तसं जोडायचं, इंजिनामागे डबा जोडावा तसं. शाळेतली पोरं दोन दिवसांत शिकतात.

इथे विद्यार्थी तीन. हत्यारांची पिशवी बाकाखाली सरकवून बसणारा प्लंबर, हॉस्पिटलातली ड्युटी बदलून येणारी सिस्टर आणि रिटायर झालेले पोस्टमनकाका. दांडी कधी नाही. गृहपाठ वेळेवर, वह्यांना कव्हरं. फक्त परीक्षेत बुडायचे. तेही कसे, तर काठावर. पस्तीसला पास, यांना तेहतीस, चौतीस. गेल्या खेपेला तर तिघांनाही चौतीस. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नव्हतं.

बरं, चुका तरी एका जागी असाव्यात. प्लंबरचं ‘आम्ही’ पक्कं करावं, तर सिस्टर ‘तुम्ही’ला अडखळणार. तिला सावरावं, तर काका ‘ते’ला घसरणार. गळक्या छपरासारखं. इकडे बोळा कोंबला की तिकडे धार.

आणि आज बाईंच्या पर्समध्ये संचालकांची चिठ्ठी होती. चार दिवस त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. या परीक्षेत निदान दोघं पास झाले नाहीत, तर हा वर्ग बंद. म्हणजे बाईही बंद. बावीस वर्षं या खोलीत गेलेली, कुठली खिडकी कुठल्या हवेत अडकते तेसुद्धा पाठ. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं त्यांना?

“सिस्टर, तुम्ही. ‘वाट पाहणे’ घ्या. तुम्ही वाट पाहणार आहात.”

“वू वों आतांद्र.”

“वूझाले,” बाई म्हणाल्या. “थांबा, जरा टेप ऐकू. कान तयार होईल.”

टेपवर एक फ्रेंच पाववाला गिऱ्हाइकाशी बोलत होता. मध्येच काका खुदकन हसले.

“काय कळलं, काका?” बाईंनी आशेनं विचारलं.

“काही नाही. आवाजावरून माणूस गमत्या वाटला.”

बाईंनी हात टेकले आणि टेप बंद केली.

“बाई, पास झालं की वरच्या मजल्यावर पाठवतात ना?” काकांनी विचारलं. “त्या सरांकडे?”

“हो. फार विद्वान आहेत ते.”

“आहेत ना,” सिस्टर म्हणाली. “आमच्याकडे पेशंट होते. मी इंजेक्शन देतेय आणि हे माझं व्याकरण सुधारतायत.”

“मी त्यांच्याकडचा नळ बदललाय,” प्लंबर म्हणाला. “पाना कसा धरायचा ते मला शिकवत होते. पाना उलटा धरून.”

“इथे कसं, तुम्ही दहादा सांगता आणि अकराव्यांदा हसून सांगता,” काका म्हणाले.

“काका, आधी पास तर व्हा.” बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. त्या फळ्याकडे वळल्या. “शेवटचं वाक्य. ‘मी’चं. लिहून घ्या.”

ज वे पार्तिर. मी जाणार आहे.

शेवटच्या अक्षरावर खडू मोडला. बाई फळ्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या.

सिस्टर उठली, तिनं बाईंना खुर्चीत बसवलं आणि मनगट धरलं. “नाडी बघा कशी पळतेय. अहो, परीक्षा आमची आहे.”

“माझीच आहे,” बाई म्हणाल्या. पर्स उघडून त्यांनी चिठ्ठीचं पाकीट टेबलावर ठेवलं.

काकांनी चष्मा चढवला. जुन्या सवयीनं आधी पाकिटावरचा पत्ता वाचला, मग आतला मजकूर, मोठ्यानं.

“चार दिवस झाले की या तारखेला,” काका म्हणाले. “टपाल असं दाबून ठेवतात होय?”

“परीक्षेच्या तोंडावर तुम्हाला कशाला घाबरवायचं? तुमचा काय दोष? मलाच शिकवता येत नसणार. एक धडा, सहा रूपं, आणि तीन माणसांच्या डोक्यात घालता आली नाहीत मला.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्लंबरनं मान खाली घातली. मग तो उठला, बाहेर डोकावला आणि दार लावून घेतलं.

“दोघं पुरतील ना, बाई?” सिस्टरनं विचारलं. “तिसरा इथेच राहिला तर चालेल?”

“चालेल. पण दोघं तरी आणायचे कुठून...”

बाईंचं वाक्य तोंडातच राहिलं. कारण तोवर ते तिघं एकमेकांवर तुटून पडले होते. अस्खलित फ्रेंचमध्ये, एका दमात, सहाही रूपं जिथल्या तिथे. वाद एकाच गोष्टीचा होता: या खेपेला नापास कोण होणार.