डाळिंबी रंग

उकळत्या पाण्यातलं सोनं याही वेळी जांभळंच पडलं. संपदाने शेगडी बंद केली आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर ती नुसती बसून राहिली. सोन्याचे सूक्ष्म कण सुटे राहिले, तर पाणी डाळिंबासारखं लाल होतं. एकमेकांना चिकटले, की जांभळं. त्या लाल पाण्यापासून तिला डेंग्यू ओळखणारी पट्टी बनवायची होती. दिवाळीपासूनचा हा सतरावा प्रयत्न. सकाळीच तिचे संशोधन-मार्गदर्शक सर म्हणाले होते, "विषय बदलू या का?" नाही म्हणायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

फरशी पुसायला आलेल्या शेवंतामावशी तिच्याकडे बघून थांबल्या.

"किती वाळलीस गं. म्हणून तर तुझं काम मी जरा हलकं करते."

"कुठलं काम, मावशी?"

"ही काचेची भांडी. तू ॲसिडने धुऊन पालथी घालून जातेस, पण दमलेल्या हातांनी काय निघणार? रोज सकाळी मी ती परत घासते, साबण लावून, नळाखाली. दिवाळीपासून एक दिवस चुकवला नाही."

नळाच्या पाण्यातल्या क्षाराचा अंश राहिला, तरी कण चिकटतात. इतक्या महिन्यांचा संताप संपदाच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात तिला मावशींच्या बोटांवरच्या भेगा दिसल्या.

"का गं, डाग राहतात का?" मावशींनी चाचरत विचारलं.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "उद्यापासून मीच धुईन. तुम्ही जरा जास्तच स्वच्छ धुता."