लॉनवरची रानभाजी

गुलाबाच्या वाफ्यातलं गवत मारायचं औषध दिगंबररावांनी चुकून जिवापाड जपलेल्या लॉनवर मारलं. रुंद पानांना धक्का न लावता फक्त गवत जाळणारं ते औषध अगदी चोख निघालं. आठवड्यात लॉन पिवळं पडलं आणि मधूनमधून उगवलेली घोळीची रानभाजी तेवढी माजल्यासारखी हिरवीगार राहिली.

नेमके त्याच आठवड्याच्या रविवारी त्यांच्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न पक्कं करायला मुलाचे आईवडील आले. त्यांनी काही विचारायच्या आत दिगंबररावांनी ठोकून दिलं, “मुद्दाम केलंय. विलायती गवत बंद. आता फक्त देशी वनस्पती!” हसू दाबायला मुक्ता आत पळाली.

होणाऱ्या विहीणबाई मात्र भारावल्या. “अगंबाई, घोळ! किती वर्षांत ही भाजी खाल्ली नाही,” म्हणत पदर खोचून त्या खुडायलाच बसल्या. दिगंबररावांपुढे पेच पडला. गप्प राहावं तर विहीणबाई दवाखान्यात, बोलावं तर सोयरीक कचऱ्यात. तेवढ्यात विहीणबाईंनी एक पान तोंडाकडे नेलं.

“थुंका!” ते किंचाळले. “म्हणजे, खाऊ नका! औषध मारलंय. वाफ्यातलं लॉनवर मारलं मी. देशी वगैरे सगळी थाप आहे.”

विहीणबाईंनी घोळ टाकली आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत? चूक अशी कबूल करतात. तुम्ही आपलं हापूसचं कलम जाळलंत, ते अजून हवामानावर ढकलताय.”

व्याही आभाळाकडे बघू लागले.

“मला हे घर पसंत आहे,” विहीणबाई म्हणाल्या. “फक्त जेवायला आपण बाहेर जाऊ.”