कॉलरचं टोक

पाहुणीने कॉलर उलटवून कात्रीने टोक बाहेर ढकललं आणि ते पुन्हा फाटलं.

"असू दे गं, जमेल," कॉलरताई म्हणाली. मनात तिने हुश्श केलं. कात्रीने ढकलायचं तिनेच तर शिकवलं होतं.

पाहुणी दूरच्या देशातल्या कारखान्यातून आली होती. मालक एकच, तिकडे मजुरी निम्मी. "हिला सगळं शिकवा," साहेबांनी हुकूम सोडला होता. ती शिकली की शर्टांचं काम तिकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आज दुपारी तिची परीक्षा होती.

खरी खुबी होती दोऱ्यात. शिवताना कोपऱ्यात दोरा अडकवायचा, कॉलर उलटवल्यावर ओढायचा. टोक सुईसारखं निघतं. तेवढ्यापुरती ताई पाहुणीकडे पाठ करून खिडकीकडे वळायची.

"निघाली बघ तुझी पाहुणी बाथरूमला," शेजारची काजवाली कुजबुजली. "रोजचं आहे. पिशवी घेऊन! साहेबांना फोन करत असणार, दुसरं काय?"

"आज बघतेच," म्हणत ताई उठली.

दाराला कडी नव्हती. पाहुणी बेसिनवर वाकली होती. हातात फोन नव्हता. शर्टाची बटणं उघडी, ओठ दाताखाली, ती दूध पिळून टाकत होती.

"घरी," ती तोडकंमोडकं बोलली आणि दोन्ही हातांनी लांबी दाखवली. उशीएवढी.

ताईचं बाळ खाली पाळणाघरात होतं. तिलाही पान्हा फुटला.

मग तिला उघडी पिशवी दिसली. आत उरल्यासुरल्या तुकड्यांचा इवलासा शर्ट. कॉलरची दोन्ही टोकं सुईसारखी.

ताईने टोकावरून बोट फिरवलं. "चोरटी! कधी शिकलीस हे?"

"दुसऱ्या दिवशी. खिडकीच्या काचेत दिसलं."

"मग जा ना, दाखव साहेबांना. वाट कसली बघतेस?"

पाहुणीने सावकाश बटणं लावली. "आमच्याकडे पण येईल कुणीतरी. एक दिवस. शिकायला." तिने तो शर्ट ताईच्या हातात कोंबला. "लपव. गेटवर माझी पिशवी बघतात."

दुपारी साहेब मशीनपाशी येऊन उभे राहिले. सोबत शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस. सगळी लाइन थांबली. ताईला वर बघवेना.

पाहुणीने कॉलर शिवली, उलटवली आणि कात्री उचलली.

टर्रकन आवाज झाला.

"इतके दिवस झोपा काढल्यास काय?" साहेब खेकसले. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "यांना नाही जमायचं. कॉलरचं काम इथेच राहू दे."

काजवालीने ताईला कोपराने ढोसलं. "कशी जिरली!"

ताई हसली नाही. तिचा हात एप्रनच्या खिशात होता, आणि तळव्याला दोन टोकं टोचत होती.