एका रात्रीचा मुक्काम

संडासातली आधाराची दांडी मोठ्या बाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. दांडी हलली नाही, तरी त्यांचं तोंड वाकडंच.

"वीतभर खाली घे," त्या कंत्राटदाराला म्हणाल्या. "गुडघे गेलेला माणूस खालून वर उठतो. वरून खाली टपकत नाही."

कंत्राटदाराने मान डोलावली. वृद्धाश्रमाच्या या इमारतीत बाईंच्या सांगण्यावरून किती गोष्टी उपटून पुन्हा लावल्या, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तळमजल्यावरची दोघांची खोली तर बाईंनी पार फिरवून घेतली होती. खिडकी पूर्वेला होती, ती पश्चिमेला नेली. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की काहीजणींचं डोकं चढतं, म्हणाल्या.

बाईंच्या नवऱ्याने जाताना सगळी कमाई ट्रस्टला दिली होती. राहतं घर तेवढं बायकोच्या नावावर. ट्रस्टचा पैसा साठवायचा नाही, दहा-बारा वर्षांत संपवून कुलूप घालायचं, असं तो सांगून गेला. आणि द्यायचा तो इमारतीला नाहीतर यंत्राला; पगारपाण्याला नाही. नुसतं व्याज वाटत बसणाऱ्या ट्रस्टवाल्यांना बाई उष्टं वाढणारे म्हणत. त्यांनी दवाखान्याला वॉर्ड बांधून दिला, मुलींना वसतिगृह, मूकबधिरांच्या शाळेला कार्यशाळा. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचा हप्ता सोडण्याआधी स्वतः एक रात्र मुक्काम केला. नळ गळतो का, दार करकरतं का, हे दिवसाच्या गलक्यात कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वसतिगृहात त्या वरच्या खाटेवर चढून झोपल्या, तेव्हा सुनेने चारचौघांत हसून घेतलं होतं.

हा वृद्धाश्रम शेवटचा. खरं तर शाळेनंतर तिजोरीत खडखडाट होता. पण एक दिवस जेवताना बाई म्हणाल्या, अजून एक इमारत निघेल. कशातून निघेल, हे मुलाने विचारलं नाही.

मुलाला घरात अजून बाळ म्हणत. बाळ बासष्ट वर्षांचा, निवृत्त, जिना चढताना दोनदा थांबणारा. त्याच्या जिवाला घोर वेगळाच होता. आजवर आई सकाळी ट्रस्टच्या कामाला जायची ती दिवे लागल्यावर यायची. ट्रस्ट संपला की दिवसभर घरात. मग आमटीत मीठ किती, नळ कुणी उघडा ठेवला, फोनवर इतका वेळ कोण. बायकोने हे त्याला रोज ताटात वाढलं होतं. म्हातारी घरात बसली तर मी माहेरी जाते, म्हणायची. या वयात तिला माहेरी कुणी ठेवून घेणार नव्हतं, पण धमकी चालली.

म्हणून वृद्धाश्रमाचं निघाल्यावर बाळला एकदम उत्साह आला. आजवर एकाही बांधकामावर न फिरकलेला माणूस विटा बघायला येऊ लागला. आई, एकटीची खोली कोणती चांगली? आई, रंग कुठला बरा वाटतो? बाई सगळं नीट सांगत. एकटीच्या खोलीला त्यांनी फिकट पिवळा सांगितला. दोघांच्या खोलीचा मात्र सुनेला निवडायला लावला. मला मेलीला काय कळतंय त्यातलं, असं म्हणत सुनेने आकाशी निवडला.

त्याच सुमारास एक माणूस टेप घेऊन घराच्या खोल्या मोजून गेला. घराचंही काम काढायचंय, बाई म्हणाल्या. सून खूश झाली. सासूच्या खोलीत आपलं कपाट कुठे येईल, ते तिने त्याच दुपारी मनात बसवून टाकलं.

मुक्कामाच्या दिवशी बाई सकाळीच आपली नेहमीची छोटी पिशवी घेऊन गाडीत बसल्या. डिकी लागत नव्हती. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा आपटत होता. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. बाळ वाटभर हवेबद्दल बोलत राहिला. या खेपेला सूनही सोबत होती. आजवर एकाही मुक्कामाला ती पोचवायला आली नव्हती.

बाई इमारतभर नळ सोडून बघत फिरल्या. तोवर सून पिवळ्या खोलीत काहीतरी लावत होती. बाईंनी येऊन कपाटाची बिजागरी तपासली. आत त्यांचे सगळे कपडे घड्या घालून ठेवलेले. थंडीतले लोकरीचेसुद्धा. भिंतीवर नवऱ्याचा फोटो.

"खिळा तिरका ठोकलाय," त्या म्हणाल्या.

बाळने घसा खाकरला. सगळं तुझ्याच मनासारखं झालंय, इथे तुला करमेल, असं काहीबाही बोलला.

"सकाळी घ्यायला कधी येतोस?"

बाळने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे.

"थोडे दिवस राहून तर बघ, आई. तिकडे घराचं काम निघालं की धूळ होईल. तुला सोसायची नाही."

"धूळ होईल खरी," बाई म्हणाल्या.

आई आकाशपाताळ एक करील, या धास्तीने तो रात्रभर झोपला नव्हता. तसं काहीच झालं नाही. उलट त्याला खुर्चीतून उठता येईना, तेव्हा बाईंनीच हात दिला. जपून जा म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या, डोकं चढेल, ऊन फार आहे, पदर घे.

गाडी फाटकाबाहेर पडली. बाई खिडकीत उभ्या होत्या, रस्ता रिकामा झाल्यावरही. मग चष्मा काढून पुसला, डोळेही पुसले, आणि पलंगावर बसल्या.

आश्रमाची मेट्रन चहा घेऊन आली. पहिला दिवस सगळ्यांनाच जड जातो, काही लागलं तर हाक मारा, म्हणाली.

"शेजारची आकाशी खोली झाडून ठेव," बाई म्हणाल्या. "घर विकूनच ही इमारत उभी केलीय. नव्या मालकाने एव्हाना कुलूप बदललं असेल. दिवे लागायच्या आत येतील दोघं."