कोळी, कुंडी आणि तिसरा प्रश्न

पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि लुमीर हाव्रानेकनं अजून उत्तर दिलं नव्हतं. रोज सकाळी तो स्वेटर डोक्यावरून चढवायचा, पत्र दप्तरात टाकायचा, वाचनालयात नेऊन उघडायचा आणि पुन्हा घडी घालून ठेवायचा.

चेकियातल्या ब्रनो शहरातून निघणाऱ्या बागकामाच्या एका साप्ताहिकात ‘माळीकाका’ या नावानं तो वाचकांच्या शंकांना उत्तरं देत असे. माळीकाका म्हणजे निवृत्तीनंतरही वाचनालयात पुस्तकं लावणारा हा बुजरा म्हातारा, हे फक्त संपादकांना माहीत होतं. पत्रंही ते वाचनालयाच्याच पत्त्यावर पाठवत. सल्ला चुकला तर निदान ओळखीच्यांत तोंड दाखवता यावं, एवढाच त्यामागचा विचार.

गुलाब, टोमॅटो, काकडी यांचं त्यानं पुस्तकं वाचून निभावून नेलं होतं. या बाईनं मात्र गांजाबद्दल विचारलं होतं.

“छपराच्या खिडकीखाली दह्याच्या डब्यांत तीन रोपं लावलीत,” तिनं लिहिलं होतं. “पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडताहेत. मुळं डब्याच्या बुडातून बाहेर आलीत. नवऱ्यासाठी मलम करायचंय. थंडीत त्याला सदऱ्याची बटणंसुद्धा लावता येत नाहीत. किडीचं काय करू? कुंडी कधी बदलू? आणि तिसरं, नवऱ्याला सांगू का? तो भित्रा आहे. सरकारी पाकीट दिसलं तरी त्याची झोप उडते, म्हणून टपालाची पेटी मीच उघडते. उत्तर घरीच पाठवा. नाव छापू नका.”

रोपं गेली तर यंदाचं मलम गेलं, आणि तेही आपल्या सल्ल्यामुळे. या धास्तीनं लुमीरचा हात उठत नव्हता. शेवटी गुरुवारी तो श्टेपांका मावशीकडे गेला.

मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची. नदीकाठच्या तिच्या बागेत सफरचंदाच्या झाडामागे गांजाच्या चार कुंड्या असत, आणि त्यांची पानं डुकराच्या चरबीत शिजवून ती जे मलम करी त्यावर निम्म्या गावाचे गुडघे चालत.

“तू आणि गांजा?” ती म्हणाली. “लुमीर, तुला सुपात मिरी जास्त झाली तरी घाम फुटतो.”

“माझं नाही मावशी. वाचनालयात एकीनं विचारलंय.”

“मग तिलाच पाठव की इकडे.”

“ती लाजते.”

“आणि तू काय नाटकात कामं करतोस?”

ठिपक्यांचं ऐकून मात्र ती गंभीर झाली. “ठिपके किडीचे असतात, उपाशी रोपाचेही असतात. पान आण. ताजं. पाहिल्याशिवाय मी बोलायची नाही.”

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा हजर झाला. वहीच्या पानांत जपून ठेवलेलं एक हिरवं पान त्यानं पुढे केलं.

“काल सांगितलं आणि आज पान?” मावशी म्हणाली. “घाईत दिसतेय तुझी बाई.”

“जवळच राहते.”

मावशीनं पान उलटं करून भिंग लावलं. “हे बघ बारीक जाळं. लाल कोळी आहे. आधी कीड, मग कुंडी. आजारी माणसाचं कोणी बिऱ्हाड हलवतं का? तिन्ही रोपं एकमेकांपासून लांब ठेवायची. मऊ साबणाचं पातळ पाणी करून पानं खालच्या बाजूनं पुसायची, तीन-तीन दिवसांनी, असं तीनदा. तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं भाजतात. फुलं धरली की साबण बंद.”

“आणि कुंडी?”

मावशीनं स्वतःचीच एक कुंडी उचलली, खोड दोन बोटांत धरून ती पालथी केली आणि बुडावर थाप मारली. मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा तिच्या हातात आला.

“आदल्या दिवशी पाणी घालायचं, म्हणजे गोळा फुटत नाही. गोल फिरलेली मुळं हलकेच सोडवायची. नवी कुंडी थोडीच मोठी घ्यायची. फार मोठी घेतली की माती ओलीच राहते आणि चिलटं होतात. मग दोन दिवस सावलीत. घे, ती दुसरी तू कर.”

लुमीरनं कुंडी दोन्ही तळव्यांत धरली आणि तशीच खाली ठेवली. “मी लिहून घेतो,” तो म्हणाला.

“घे. लिहून कुणाची रोपं जगली तर तुझीच जगतील.”

त्यानं लिहून घेतलं. मग वहीतून मान वर न करता विचारलं, “नवऱ्याला सांगावं का, असंही विचारते ती.”

“मी माझ्याला कधीच सांगितलं नाही. मलम जर्मनीहून येतं म्हणायचे. मेला तेव्हा गुडघे ठणठणीत होते त्याचे.” मावशी स्वतःशीच हसली. “सांगितलं की विचारत बसतात रे. आणि विचारत बसले की घाबरतात.”

दुपारी तो जेवायला घरी आला.

“बाहीला माती लागलीय तुझ्या,” बटाट्याचं सूप वाढताना त्याची बायको मिलादा म्हणाली.

“वाचनालयातली कुंडी सांडली.”

“बरं,” ती म्हणाली आणि पाव कापायला लागली.

जेवण झाल्यावर तो वाचनालयात परतला आणि जुन्या टाइपरायटरवर एका बोटानं उत्तर लिहू लागला. कोळ्यांचं आणि कुंडीचं उत्तर सरळ झालं. तिसऱ्या प्रश्नापाशी तो बराच वेळ थांबला. एक कागद फाडला, दुसराही फाडला. शेवटी त्यानं टाइप केलं: “यजमानांना सांगू नका. मलम झालं की डबी नुसती टेबलावर ठेवा. ते काही विचारणार नाहीत.” खाली ‘माळीकाका’. पाकिटावरचा पत्ताही त्यानं टाइपच केला.

पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. खिडकीमागच्या बाईनं पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“हाव्रानेक साहेब, हे तर मिलादाच्या नावाचं आहे. घरीच चाललात ना? मग हातानंच द्या की बायकोला, तिकीट कशाला फुकट घालवता?”

“नको,” लुमीर म्हणाला. “टपालानंच जाऊ दे.”

तिनं खांदे उडवले आणि शिक्का मारला.