दोन ताऱ्यांच्या डावीकडे

दुर्बिणीत काहीतरी धूसर दिसलं तेव्हा सुमिए कुरोइवाने आधी भिंग पुसलं. परत डोळा लावला. ठिपका तिथेच होता. काचेवर कुणी श्वास सोडावा तसा, कडा नसलेला.

बॅटरीला लाल कागद गुंडाळून तिने नकाशा पाहिला. त्या जागी दोन बारके तारे होते, बाकी काही नाही. ठिपका बरोबर त्यांच्या मधोमध होता. तिने तो कागदावर काढला, बाजूला वेळ लिहिली, चार वाजून पाच मिनिटं, आणि हात काखेत घालून छपरावर बसून राहिली. धूमकेतू असेल तर सरकेल. नसेल तर पुन्हा हसं.

दोन वर्षांपूर्वी तिने अशीच तार ठोकली होती. तिचा 'धूमकेतू' म्हणजे साऱ्या जगाला माहीत असलेला एक तारकागुच्छ निघाला. वेधशाळेने समजुतीचं पत्र पाठवलं. गावाने समजूत दाखवली नाही. मासे वाळवण्याच्या कारखान्यात बायका अजून विचारायच्या, "सुमिए, वर बघतेच आहेस तर माझी हरवलेली चप्पल दिसते का गं?"

साडेचारला खालून नवऱ्याची हाक आली. इसामु बोटीवर निघाला होता, डब्यासाठी खोळंबला होता.

"अहो, जरा वर या."

"माणसं धक्क्यावर उभी आहेत माझी."

"दोन मिनिटं. बघा आणि काय दिसतं ते सांगा. मी काही बोलणार नाही."

तो शिडी चढून आला आणि कुरकुरत वाकला. वीस वर्षं समुद्रावर काढलेला बोटीचा तांडेल, माशांवर घिरट्या घालणारे पक्षी तो तीन मैलांवरून ओळखायचा. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"दोन तारे आहेत. त्यांच्या डावीकडे पुसट काहीतरी. धुरासारखं."

"डावीकडे? मध्ये नाही?"

"डावीकडे म्हटलं ना."

तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने कागद पाहिला, मग परत दुर्बिणीत पाहिलं. खाली धक्क्यावर कुणीतरी इंजिन सुरू केलं होतं.

"तार कर," तो म्हणाला.

"मागच्यासारखं झालं तर?"

"मागच्या वेळी मी बघितलं नव्हतं."

तो शिडी उतरून गेला. डबा ओट्यावरच राहिला.

पोस्टाचं दार तिला बराच वेळ ठोकावं लागलं. तारमास्तर तोकुहिरो झोपेच्या कपड्यांतच बाहेर आला. तिला पाहिलं आणि त्याने दाराची चौकट धरली.

"बाई, परत?"

"परत."

"उद्या पहाटे एकदा बघून घ्या ना. खात्री करून मग पाठवू. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

सुमिएने हातातल्या कागदाकडे पाहिलं. उद्या ढग असतील. उद्या दुसऱ्या कुणाला तरी दिसलेला असेल. पण थांबलं आणि उद्या धूमकेतू खोटा ठरला तर निदान कुणाला कळणार तरी नाही.

"जागेचे आकडे सांगते," ती म्हणाली. "लिहून घ्या."

त्याने लिहून घेतले. एकेक आकडा मोठ्याने परत वाचून दाखवला आणि मशीनसमोर बसला. ती त्याची बोटं थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग कारखान्यात कामावर गेली.

दिवसभर ती कुपा माशांचे काटे काढत राहिली. पलीकडची ओतोमे आजी दोनदा म्हणाली, "आज हात कुठे आणि लक्ष कुठे?" सुमिएने पुढचा मासा ओढला.

दोन वाजता तोकुहिरो सायकलवरून आला. या वेळी तो पुऱ्या गणवेशात होता. तो थेट तिच्या पाटापाशी येऊन थांबला, तेव्हा बायकांच्या सुऱ्या एकेक करून थांबल्या.

"माझे हात माशांचे आहेत," सुमिए म्हणाली. "तुम्हीच वाचा."

त्याने टोपी काढून काखेत धरली.

"नवा धूमकेतू. आओमोरीहून एका शाळामास्तराचीही तार आली. जागा जुळते. तुमची तार अठरा मिनिटं आधी पोहोचली. धूमकेतूच्या नावात कुरोइवा हे नाव पहिलं. वेधशाळेतर्फे हार्दिक अभिनंदन."

मग ओतोमे आजीने सुमिएच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिला पाठीला धरून बाकावर बसवलं. "बस," ती म्हणाली. "तुझे मासे आम्ही करतो." सुमिएने चेहरा झाकायला हात वर घेतले, माशांचा वास आला, तरी तिने ते तसेच चेहऱ्यावर धरले.

तोकुहिरोने सायकल वळवली ती मच्छीमार संघाच्या वायरलेसच्या खोलीकडे. तिथून समुद्रावरच्या बोटींशी बोलता यायचं.

चार वाजता बंदरावर आरडाओरडा झाला. लाटा अडवणाऱ्या भिंतीआडून इसामुची बोट वळली होती आणि डोलकाठीवर लाल-निळा मोठा झेंडा फडफडत होता. बोटीचे खण माशांनी गच्च भरले तरच तो झेंडा चढतो. पाट्या घेऊन माणसं धावली. कारखान्यातल्या बायकाही धावल्या, सुमिएला हाताला धरून.

बोट लागली. पहिल्याने आत डोकावलेला माणूस गोंधळून मागे वळला.

"तांडेल, मासे कुठायत? हे तर तीस-चाळीसच आहेत."

"तेवढेच मिळाले," इसामु दोर बांधत म्हणाला.

"मग झेंडा कशाला?"

इसामुने मान वर केली, गर्दीत बायकोला शोधून काढलं आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "हिला विचारा."

त्याच्या मागून दुसरी बोट वळली, मग तिसरी, मग चौथी. एकाही बोटीचा खण भरलेला नव्हता, आणि प्रत्येकीवर झेंडा होता.