निजणारं पान

बंदिस्त शेडमधले दिवे कधी विझत नसत आणि त्यांच्याखालची नवी तूर कधी निजत नसे. सांजेला पान मिटवणारी देठाच्या बुडाची इवलीशी गाठ तिच्यातून प्रयोगशाळेतच काढून टाकली होती. पानं आठही प्रहर उघडी राहत, शेंगा भरत. पण खुरपणाऱ्या बायांना दिवस मावळलेला कळेनासा झाला. मुकादमाच्या मनात येईल तेव्हा सुट्टी.

म्हणून कोंडाबाईनं वाफ्याच्या कडेला एक टाकळा राखला होता. आज तो मुकादम दगडूला दिसला.

"मावशे, तण पाळतेस होय? उपट ते."

"उपटते रे बाबा. पण आधी त्याला निजू तर दे."

"एवढ्या उजेडात?"

"त्याच्या पोटात अजून सांज आहे."

दगडू कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. हळूहळू टाकळ्याची पानं जोडीजोडीनं मिटली. कोंडाबाईनं खुरपं खाली ठेवलं. मागं ओळीनं सगळ्याजणींनी ठेवलं.

दगडूनं डोळे चोळले. "माझी आई हेच बघून घरी यायची," तो पुटपुटला. "असू दे त्याला." आणि सुट्टीची घंटा वाजवायला गेला.

जाताजाता कोंडाबाईनं तुरीच्या टक्क उघड्या पानांवरून हात फिरवला.

"तुला गं कोण निजवणार, बाई?"